खाली नाव लिहा

जुन्या गोष्टींना सध्या बरे दिवस आले आहेत. फोन उघडावा तर पहिल्या दहा पोस्टींत एखादं तरी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ असतं, साबणाची किंवा दंतमंजनाची जाहिरात असते, कृष्णधवल सिनेमातला एक तुकडा असतो, नाहीतर खरखरीसकट एखादं भावगीत असतं. हे सगळं आवडीनं बघणारे, सेव्ह करणारे, स्टेटसला ठेवणारे लोक बरेचसे आपल्याच वयाचे आहेत. म्हणजे ज्यांनी रेडिओ सिलोन कधी लावलं नाही, ज्यांच्या घरी दिवाळी अंक आला तर आला, आणि कॅसेट पेन्सिलीनं गुंडाळावी लागत असे हेसुद्धा ज्यांना रीलवरूनच कळलं.

यावर घरातली मोठी माणसं हमखास एक टोमणा मारतात. "तुमचा जन्म तरी झाला होता का तेव्हा?" तो मी मनावर घेत नाही. तुकोबांचा अभंग म्हणताना कोणी जन्मदाखला मागत नाही. गोष्ट जुनी झाली म्हणजे ती तेव्हा हजर नसलेल्यांच्या हाती आली, इतकंच. आपल्याला ती आवडते यात खोटं काही नाही, आणि हा लेख त्या आवडीविरुद्ध नाही.

माझं भांडण चित्राच्या खालच्या जागेशी आहे. तिथे काय असतं? 'विंटेज व्हाइब्स'. 'ते दिवस'. 'गोल्डन एरा' आणि दोन पिवळी हृदयं. चित्रावर आडवा पेजचा वॉटरमार्क. चित्र कोणी काढलं, कुठे छापलं, कुठल्या साली, पेजवाल्याला कुठून मिळालं, यातलं एक अक्षर नाही. ज्यानं काढलं त्याचं नाव गायब आणि ज्यानं उचललं त्याचं ठळक. माझं म्हणणं असं की नाव, साल आणि ठिकाण कापून जुनी गोष्ट पसरवणारा माणूस ती वाचवत नाही. तो ती पुसायला हातभार लावतो, आणि आपण लाइक करून त्याला पाणी आणून देतो.

हे मी कर्जत-खालापूरच्या बाजूनं बोलतो आहे, कारण इथे हा सगळा मामला एका नजरेच्या टप्प्यात दिसतो. जुन्या चित्रांचा एक मोठा कारखाना आमच्या घाटाच्या वर होता. जुन्या काळाचे सेट घाटाच्या खाली उभे आहेत. आणि ज्यांच्या डोंगरांवर, ज्यांच्या नावाच्या गाण्यांवर इथला 'व्हाइब' चालतो ती माणसं मधल्या वाड्यांत राहतात.

वरून सुरुवात करू. कर्जतला मागून इंजिनं जोडून गाडी घाट चढते, खंडाळा आणि लोणावळा जातं, आणि पुढचं स्टेशन येतं मळवली. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. याच मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. १८९४ साली तो मुंबईत सुरू झाला, प्लेगच्या काळात मुंबईबाहेर हलला आणि अखेर इथे स्थिरावला. पुढे थोड्याच वर्षांत तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. कमळावर उभी असलेली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, ही जी चित्रं आपल्या पणज्यांच्या देवघरात आली, ती या छापखान्यामुळे. त्याआधी राजे-संस्थानिकांच्या भिंतीवर असणारं चित्र इथून पुढे चाळीतल्या खोलीत लागू लागलं.

ही छपाई दगडावरची होती. एकेका रंगासाठी वेगळा दगड. त्यावर चित्राचा तेवढाच भाग उलटा काढायचा आणि एकच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवर दाबायचा. एक दगड केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर. म्हणजे एका लक्ष्मीमागे चित्रकाराखेरीज रंग सुटे करणारे, दगडावर रेखाटणारे, यंत्र चालवणारे असे कितीतरी हात होते. त्यांची नावं कागदावर कधी आलीच नाहीत. पण निदान अनेक प्रतींच्या खालच्या पट्टीवर छापखान्याचं आणि गावाचं नाव असे. ती पट्टी आधी फ्रेमवाल्यानं काचेत बसवताना कापली. उरली असेल ती आता फोनवर क्रॉप करताना जाते.

आता ती पट्टी न कापता वाचली तर काय मिळतं ते बघा. या छापखान्यात काम केलेल्यांपैकी एक होते धुंडिराज गोविंद फाळके. पुढे त्यांनी लोणावळ्यातच स्वतःचा छपाईचा उद्योग काढला, १९०९ साली त्यासाठी जर्मनीला जाऊन आले, भागीदारांशी बिनसल्यावर तो सोडला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला. देवघरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीपासून भारतीय सिनेमापर्यंतचा रस्ता त्या एका पट्टीतून जातो. घाटाखालच्या कुठल्याही पोराला तो दोन तासांत पायाखालून घालता येईल. पण त्यासाठी पट्टीवरचं गावाचं नाव वाचता आलं पाहिजे.

"आम्हाला फक्त मजा घ्यायची आहे, अभ्यास करायचा नाही," असं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. नाव माहीत झालं म्हणून मजा कमी होत नाही. 'जुनी लक्ष्मी' बघून होते ती मजा तीन सेकंदांची, कारण तिच्यापुढे जायला वाटच नाही. अंगठा वर सरकतो आणि पुढे मांजराचा व्हिडिओ येतो. गाव, साल, छापखाना हाती आला की शोधायला वाट मिळते आणि मग रात्री दोन वाजतात. ज्यांना खरोखर मजा हवी आहे त्यांनी तर नावासाठी हट्ट धरायला हवा.

चुकीचं नाव मात्र नसण्यापेक्षा वाईट. सध्या प्रत्येक जुनी देवी 'राजा रविवर्मा' होते. त्यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा आयुष्यभर त्यांच्यासोबत चित्रं करत होते, ते कुठेच नसतात. याच छापखान्यासाठी एम. व्ही. धुरंधरांनीही चित्रं काढली, ती रविवर्म्यांच्या खात्यावर जमा होतात. पुण्यात १८७८ मध्ये सुरू झालेला चित्रशाळा छापखाना तर जणू नव्हताच. सिनेमातही तेच. 'भारताचा पहिला चित्रपट, १९१३' म्हणून जी क्लिप फिरते तिच्याबद्दल अभ्यासकांमध्ये वाद आहे, कारण फाळक्यांनी १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली आणि आज शिल्लक असलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रपटाची असल्याचं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. हा वाद क्लिपहून जास्त रंजक आहे. पण 'व्हाइब'ला वाद परवडत नाही.

मराठीत हे सगळ्यात जास्त कोणाला भोगावं लागतं, तर दिवाळी अंकांच्या चित्रकारांना. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात चित्रकला आली ती बरीचशी मुखपृष्ठावरून. दीनानाथ दलाल मूळचे मडगावचे. त्यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केलं आणि वर्षानुवर्षं मुखपृष्ठं रंगवली. रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवता कॅलेंडरांवरून घराघरांत गेल्या. हे लोक चित्रावर सही करत. आता मुखपृष्ठ असतं उभं आणि पोस्ट असते चौकोनी. उभं चौकोनात बसवायचं तर वरचं आणि खालचं जातं. वर असतं अंकाचं नाव आणि साल, खालच्या कोपऱ्यात असते सही. म्हणजे क्रॉपचं पहिलं बोट नेमकं या दोन गोष्टींवर पडतं आणि मधली बाई तेवढी राहते, जिला मग 'व्हिंटेज मराठी ब्यूटी' असं नाव मिळतं. शि. द. फडणीसांची हास्यचित्रं तर शब्दांशिवायची. त्या चित्रांत बहुतेक वेळा अक्षरं असतात ती फक्त सहीची. तीही कापली की त्यांच्याकडून आपण त्यांचा एकुलता एक शब्द काढून घेतला.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे यातली यांत्रिक बाजूही सांगतो. फोटो काढताना फोन त्या फाइलच्या पोटात तारीख, वेळ, कधी ठिकाणही लिहून ठेवतो. स्कॅन करणारा काळजीवाहू असेल तर तो तिथे चित्रकाराचं नावही घालू शकतो. व्हॉट्सअॅपवर तो साध्या फोटोसारखा पाठवला की ही माहिती गळून जाते. खाजगीपणासाठी ते चांगलंच आहे, जुन्या चित्रासाठी वाईट. शिवाय फोटो दाबून लहान केला जातो. पुढचा स्क्रीनशॉट काढतो, तो पुन्हा दाबला जातो. पाच-सहा हातांतून गेल्यावर सही असली तरी ती कोपऱ्यातला एक डाग होते. यात कोणाचाही वाईट हेतू नाही. यंत्राचा नियम असा आहे की जी माहिती कोणी मुद्दाम पुढे नेत नाही ती आपोआप मरते. म्हणून ती मुद्दाम न्यायची असते, तीही चित्राखाली, अक्षरांत, जिथे यंत्र तिला हात लावत नाही.

"पण आम्हालाच माहीत नसेल तर?" मग तसं लिहा. माहितीचा साठा बनवणाऱ्या प्रत्येकाला एक धडा पहिल्या महिन्यात शिकवला जातो. रिकामी सोडलेली जागा आणि 'माहीत नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. रिकामी जागा म्हणजे कोणी विचारलंच नाही. 'चित्रकार माहीत नाही, रद्दीत मिळालं, पहिलं पान फाटलेलं' म्हणजे कोणीतरी शोधलं, इथपर्यंत पोहोचलं, इथून पुढे तुम्ही जा. या दुसऱ्या ओळीखाली एखादे काका येऊन सांगतात की हा अमुक साली आमच्या घरी होता. रिकाम्या जागेखाली फक्त हृदयं येतात.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. "संस्थांनी काय दिवे लावले? आम्ही निदान वाचवलं तरी." हे खरं आहे आणि मी ते पूर्ण मान्य करतो. १९३१ च्या 'आलम आरा'ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या. मळवलीचा छापखानाही १९७२ मध्ये आगीतच संपला. रद्दीच्या दुकानात दिवसभर बसून, धूळ खाऊन, किलोवर अंक आणून घरच्या स्कॅनरवर एकेक पान लावणारी माणसं या महाराष्ट्रात आहेत, आणि कुठल्याही पुरस्काराशिवाय ती जे करतात त्याला मी हात जोडतो. पण बघा, हीच माणसं खाली नाव लिहितात. साल लिहितात, पान क्रमांक लिहितात, अंक कोणी दिला तेही लिहितात. नाव न लिहिणारे बहुधा दुसरे असतात. ते या माणसाचं स्कॅन उचलतात, कापतात, वॉटरमार्क लावतात, आणि वर 'वाचवलं' म्हणतात. रद्दीवाल्याकडून पान वाचवलं एकानं आणि पुण्य घेतलं दुसऱ्यानं. तेव्हा 'आम्ही वाचवलं' हे वाक्य ज्याच्या हाताला धूळ लागली त्यानंच म्हणावं.

कायद्याचंही दोन ओळींत सांगतो, कारण 'जुनं म्हणजे सगळ्यांचं' असा एक समज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकार किंवा लेखक गेल्यानंतर ६० वर्षं त्याच्या कामावर हक्क राहतो. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांची मुदत २०३१ च्या अखेरपर्यंत आहे. त्याच कायद्याचं ५७ वं कलम पैशांपलीकडचं आहे. हक्क विकले तरी 'हे मी केलं' असं सांगण्याचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. हक्काचे पैसे द्यायची ऐपत आपल्याकडे नसेल. नाव लिहायला तर एक रुपयाही लागत नाही.

आता घाट उतरू. खालापूर तालुक्यात, चौकजवळ हातनोलीला, कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'साठी तिथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला. लाकूड, प्लास्टर आणि रंग यांतून शेकडो वर्षांपूर्वीच्या भिंती. लोक तिकीट काढून बघायला जातात आणि भिंतीवर टकटक करून पोकळ आवाज ऐकतात. मला हा स्टुडिओ प्रामाणिक वाटतो. तो स्वतःला सेट म्हणवतो, बनवणाऱ्याचं नाव दारावर आहे आणि कुठल्या सिनेमासाठी काय बांधलं ते सांगतो. खोटा किल्ला आपला पत्ता देतो आणि खरं चित्र बेपत्ता फिरतं, हा उलटा न्याय आपल्या काळाचा.

त्या स्टुडिओच्या आसपास आणि कर्जतच्या नदीकाठी आता फार्महाऊसांची रांग आहे. शनिवार-रविवारी पावसाचे, धुक्याचे, डोंगरांचे रील तिथून निघतात, आणि त्यांखाली हमखास 'जैत रे जैत'ची गाणी लागतात. १९७७ चा चित्रपट, गो. नी. दांडेकरांची कादंबरी, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, शब्द ना. धों. महानोरांचे. रीलवर ड्रोन डोंगरावरून फिरतो, ढोल वाजतो, वर लिहिलेलं असतं 'ट्रायबल व्हिंटेज'. गाण्याची चिकटपट्टी गायिकेचं नाव दाखवते. कवीचं नाव बघायला दोनदा टिचकी मारावी लागते, तीही मारली तर. त्या गाण्यांतलं रान ज्याच्या शब्दांनी उभं राहिलं, तो सगळ्यात मागे.

आणि त्याच्याही मागे ठाकर. चित्रपट ठाकरांचा आहे. ढोल वाजवणारा नाग्या ठाकर आहे, राणीमाशीचा सूड ठाकराचा आहे. भूमिका मात्र मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांनी केल्या. त्यात गैर काही नाही, सिनेमा असाच बनतो आणि हा उत्तम बनला. पण कर्जत-खालापुरात ठाकर ही पडद्यावरची जमात नाही. ती शाळेत आपल्या बाकावर असते, बाजारात रानभाज्या घेऊन बसते, फार्महाऊसवर माळीकाम करते. ड्रोन ज्या डोंगरावरून फिरतो त्याच्या कुशीत तिची वाडी असते आणि त्या वाडीला नाव असतं. रीलवाला ठिकाण टाकतो ते 'कर्जत', फार तर फार्महाऊसचं नाव. गाणं ठाकरांवरचं, डोंगर ठाकरांचा, आणि वाडीचं नाव टाकायला जागा पुरत नाही. याला मी साधा आळस म्हणत नाही. कोणाला नाव असावं आणि कोणी नुसतं वातावरण असावं, याची ही वाटणी आहे.

ही वाटणी आजची नाही हे बघायचं तर आमच्याकडचीच आणखी एक लोकप्रिय 'विंटेज' चीज बघा, ती म्हणजे बोरघाट रेल्वेचे जुने फोटो. घाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. चढ इतका की मध्ये एका ठिकाणी गाडीला थांबून दिशा उलटवावी लागे. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झालं आणि त्याचे फोटो आजही दर पावसाळ्यात फिरतात. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अॅलिस हिनं ठेका पुरा करवून घेतला, हे आपल्याला नावानिशी माहीत आहे. १८६१ च्या सुरुवातीला घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. ते बोगद्यांत आणि दऱ्यांत मेले, पटकीनं आणि तापानं मेले. त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत, कारण त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आता त्यांच्या फोटोंचं काय होतं? जुना कॅमेरा मंद, मजूर हलला की चेहरा पुसट येई. हल्ली हे फोटो एआयनं रंगवून, 'एन्हान्स' करून टाकले जातात. चेहरे चकचकीत, डोळ्यांत चमक. हे कसं होतं ते नीट समजून घ्या. पुसट जागेत काय होतं हे त्या प्रोग्रॅमला कळत नाही, कळणं शक्यच नाही. त्यानं पाहिलेल्या लाखो इतर चेहऱ्यांवरून तो अंदाजानं एक चेहरा भरतो. म्हणजे घाटात राबलेल्या माणसाच्या धडावर कोणा भलत्याच माणसांच्या चेहऱ्यांची सरासरी बसवली जाते. नाव तेव्हा नाकारलं होतं. चेहरा आपण आता काढून घेतो, आणि त्याला 'इतिहास जिवंत केला' असं म्हणतो.

अजूनही कोणाला वाटेल की हे जुन्या फोटोंवरून उगाच चाललेलं रडगाणं आहे. तर शेवटचं उदाहरण जुनं नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबला. (पाठोपाठ २ ऑगस्टला नितीन देसाई गेले आणि ३ ऑगस्टला महानोर. आमच्या भागाच्या जुन्या-नव्या चित्रांशी जोडलेलं एवढं सगळं एका पंधरवड्यात संपलं.) इर्शाळगडाची वाट त्या वाडीतून जायची. गेली कितीतरी वर्षं ट्रेकर तिथून जात-येत होते. तिथे पाणी प्यायचे, चहा घ्यायचे, अंगणातल्या म्हातारीचा, कुडाच्या भिंतीचा, शेणानं सारवलेल्या ओट्यावरच्या पोरांचा फोटो काढायचे. 'रस्टिक', 'सिंपल लाइफ', सेपिया फिल्टर. ते फोटो आजही लोकांच्या फोनांत आणि हार्डडिस्कवर पडून असतील.

१९ जुलैपर्यंत ते 'व्हाइब' होते. २० जुलैच्या सकाळी ते एका गावाचा पुरावा झाले. त्या पोरांची, त्या म्हातारीची कदाचित तीच काही मोजकी छायाचित्रं. पण कोणता फोटो कोणाचा? हे घर कोणाचं, ही म्हातारी कोणाची आजी, हा मुलगा वाचला की त्यात गेला? खाली नाव असतं, निदान वाडीचं नाव आणि तारीख असती, तर तो फोटो आज कोणातरी नातेवाइकाच्या भिंतीवर लागू शकला असता. नाव नसेल तर तो आहे तिथेच राहणार, 'सह्याद्री मान्सून' नावाच्या फोल्डरमध्ये, सुंदर आणि निरुपयोगी. एखादी गोष्ट जुनी व्हायला पन्नास वर्षं लागतात असं आपण धरून चालतो. आमच्या तालुक्यात ती एका रात्रीत झाली.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि मी ती वाटाघाटीसाठी ठेवलेली नाही. जुनी गोष्ट पुढे पाठवताना खाली तीन ओळी लिहा. कोणी केलं. कधी आणि कुठे. तुम्हाला कुठून मिळालं. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' हे शब्द लिहा, जागा सोडू नका. चित्र पूर्ण टाका, चौकोनात बसत नसेल तर बाजूला पांढरं राहू द्या, पांढऱ्यानं कोणाचं काही जात नाही. गाण्याखाली गायकाबरोबर कवी आणि संगीतकारही लिहा. एआयनं रंगवलं असेल तर तसं सांगा आणि मूळ फोटो शेजारी ठेवा. जिवंत माणसाचा फोटो असेल तर आधी त्याला विचारा, आणि तो हो म्हणाला तर त्याचं नाव तो सांगेल तसं लिहा.

आणि जे हे करणार नाहीत त्यांचं काय? त्यांना अनफॉलो करा. कमेंटमध्ये शिवीगाळ नको, फक्त प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारा: "कोणी काढलं?" दहा जणांनी दहा वेळा विचारलं की पेजवाला एकतर शोधायला लागतो किंवा चिडून ब्लॉक करतो. दोन्हींत आपलं भलंच आहे.

सुरुवात स्वतःच्या गॅलरीतून करता येईल. गेल्या पावसाळ्यात तुम्ही कर्जतला आला होतात, कुठल्यातरी वाडीत थांबला होतात, कोणीतरी तांब्याभर पाणी दिलं होतं, आणि तुम्ही एक फोटो काढला होता. तो शोधा. वाडीचं नाव आठवत नसेल तर नकाशा उघडा, बरोबरच्या मित्राला विचारा, त्याला नसेल आठवत तर पुढच्या वेळी तिथे जाऊन विचारा. आणि मग खाली लिहा.